क्लाउदिया नहरवाल्याची निरवानिरव

देवाला साक्ष ठेवून मी, विवेन्तियुस, वडिलांचे नाव अमान्तियुस, वय वर्षे एकाहत्तर, काम शहराला पाणी आणणाऱ्या क्लाउदिया नहरीची राखण, राहणार रोम शहर, जुनी आशा वस्ती, प्रेनेस्ते दरवाजाच्या आत, हे मृत्युपत्र लिहवून ठेवत आहे. माझ्या उजव्या हाताला कंप आहे, म्हणून लेखणी आमच्या वस्तीतल्या चर्चचे डीकन कास्तुस यांच्या हाती आहे. शब्द माझे आहेत. माझे डोके ठिकाणावर आहे की नाही हे पाहण्यासाठी कास्तुसने मला उगमापासून शहरापर्यंत नहरीचे टप्पे विचारले. मी ते ओळीने सांगितले. बरोबर सांगितले की चूक, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पण मी कुठे अडखळलो नाही, एवढ्यावर त्याने मला शहाणा ठरवले.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते मेणाच्या पाट्यांवर आहे, त्यात माझ्या भावाच्या नावाने पुष्कळ शिव्या आहेत. ते या लेखाने रद्द समजावे. पाट्या सापडल्या तर मेण खरवडून टाकावे.

कलम पहिले. देहाविषयी.

मला तटाच्या आतल्या आमच्या द्राक्षमळ्यात, माझी पत्नी पास्कासिया हिच्या डाव्या बाजूला पुरावे. जागा मी दगड लावून राखली आहे. पूर्वी शहराच्या आत माणूस पुरत नसत. आता तट ओलांडून न्यायला खांदेकरी मिळत नाहीत, आणि आत जागेला तोटा नाही. वर नाव कोरू नये. कोरणारा गेल्या वर्षी वारला, आणि दुसऱ्या कोणाकडून वेडीवाकडी अक्षरे मला नको आहेत.

कलम दुसरे. घराविषयी.

मौजे जुनी आशा येथील माझे राहते घर, खाली दोन खोल्या, वर एक, अंगणातल्या रिकाम्या हौदासह. त्याच्या चतुःसीमा अशा: पूर्वेस शहराचा तट. दक्षिणेस नहरीच्या कमानी. पश्चिमेस पाववाल्या गौदेन्तियुसचे घर. तो महामारीत गेला, त्याच्या भट्टीतून आता अंजिराचे झाड वर आले आहे. उत्तरेस एका सिनेटरच्या बागेची भिंत; मालक समुद्रापलीकडे गेले, येणार येणार असे मी पंधरा वर्षे ऐकतो आहे.

कास्तुस लिहिता लिहिता थांबला. "काका, सीमेवर राहणारी माणसं लिहायची असतात. यातलं जिवंत कोण आहे?"

"तट आहे. कमानी आहेत. तेवढं लिही."

हे घर मी रानिलो हिला देतो.

"रानिलो? ती गॉथ बाई?"

"तीच."

"कायद्यात बसत नाही हे. एक तर गॉथ, त्यातून त्यांच्या पंथाची. वेगळ्या पंथाच्या माणसाला वारसा घेता येत नाही. उद्या कोणी हरकत घेतली म्हणजे?"

"कोण घेणार, कास्तुस? हरकत घ्यायला आधी माणूस लागतो."

"माणूस नसला तरी कायदा असतो," कास्तुस म्हणाला. तो वाईट माणूस नाही. त्याला कागद पक्का हवा होता.

म्हणून रानिलोला बोलावले. ती अंगणात शेंगा निवडत होती, हात पुसत आली. कास्तुसने तिला समजावले की आमच्या पंथाची प्रतिज्ञा माझ्यामागून म्हण, म्हणजे अडचण मिटेल.

"देव तोच ना?" तिने विचारले.

"तोच. पण त्याच्या पुत्राबद्दल तुम्ही लोक जे मानता..."

"पुत्राबद्दल मला काही विचारू नका. माझा तटाबाहेर पुरला आहे. काय म्हणायचं ते सांगा, मी म्हणते."

तिने प्रतिज्ञा म्हटली. कास्तुसने तिच्या कपाळाला तेल लावून आशीर्वाद दिला आणि ती शेंगांकडे परत गेली. सबब ती आता आमच्या पंथाची आहे आणि वारसा घेण्यास पात्र आहे, अशी नोंद येथे करून ठेवतो.

ही बाई माझ्या घरी कशी आली हे मला लिहवून ठेवले पाहिजे. नाही तर कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला नादी लावून घर बळकावले.

आमची नहर पंचेचाळीस मैलांची. डोंगरातल्या निळ्या झऱ्यापासून निघते, बहुतेक वाट जमिनीखालून येते, आणि शेवटचे सहा-सात मैल कमानींच्या खांद्यावरून शहरात शिरते. पाचशे वर्षांपूर्वी बांधली. एके काळी शहराच्या सगळ्या नहरींवर मिळून सातशे माणसे कामाला होती, हे आमच्या घरच्या वहीत आहे. माझ्या आजोबांच्या वेळी साठ राहिली. वडिलांच्या वेळी नऊ. तेव्हा राजा गॉथच होता, पण कमानींवर उगवलेली झाडे उपटायला त्याने स्वतःहून माणसे दिली, हेही खरे आहे आणि ते लिहिले पाहिजे. माझ्या वेळी मी आणि माझा धाकटा भाऊ उर्सिकिनुस, दोघेच. दर उन्हाळ्यात आम्ही एकेक टप्पा कोरडा करून आत उतरत असू आणि पाण्याने आणलेली चुनखडी खरवडून काढत असू. उर्सिकिनुस गात असे. आत आवाज घुमतो, म्हणून तो स्वतःला मोठा गवई समजे.

पुढे समुद्रापलीकडच्या बादशहाच्या सैन्याने शहर गॉथांकडून घेतले. ते परत मिळवायला पंधरा वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, गॉथांनी शहराला वेढा घातला. आठवड्याच्या आत त्यांनी बाहेरच्या बाजूने सगळ्या नहरी फोडल्या. आमची नहर शहरापासून तिसऱ्या मैलाच्या पुढे फुटली. पास्कासिया अंगणातल्या हौदावर पाला धूत होती. ती हात तसेच ओले घेऊन आत आली.

"अहो, आवाज गेला."

मी बाहेर आलो. आम्ही जन्मभर त्या आवाजाखाली राहिलो होतो, त्यामुळे तो आहे हे कधी कळलेच नव्हते. हौदात दोन हात पाणी होते, ते स्थिर झाले होते. पास्कासिया म्हणाली, "कान दुखतात माझे." माझेही दुखत होते.

चार दिवसांनी बादशहाच्या सेनापतीचा हुकूम आला. नहरीच्या कोरड्या पोटातून शत्रू आत येऊ शकतो, म्हणून तटापाशी प्रत्येक नहर बुजवायची. आमच्या नहरीत उतरायला आम्ही दोघेच. मी ठरवले होते की एक हात जाडीची भिंत घालू, चुना कमी घालू, म्हणजे पुढे फोडायला सोपी जाईल. बरोबरच्या अधिकाऱ्याने तीन हात सांगितली.

"तीन हात तर तीन हात," उर्सिकिनुस म्हणाला. "दादा, विटा दे."

"एवढी जाड कशाला? पाणी परत सोडायचं आहे ना आपल्याला?"

"कधी?"

"वेढा उठला की."

त्याने विटेसाठी हात पुढे केला. त्या दिवशी तो गायला नाही. माझ्या आजोबांच्या थापीने मी ती भिंत घातली. शेवटची वीट मीच बसवली, कारण अधिकाऱ्याला ती राखणदाराच्या हातूनच बसवून हवी होती.

वेढा वर्षाने उठला. नहर फुटलेलीच राहिली. मी धीर सोडला नव्हता. आमच्या प्रेनेस्ते दरवाजावर जुन्या बादशहांची अक्षरे आहेत. त्यांत लिहिले आहे की ही नहर पूर्वीही एकदा पडली होती, नऊ वर्षे बंद होती, आणि मग दुरुस्त झाली. मी पास्कासियाला ते वाचून दाखवीत असे. "नऊ वर्षं म्हणजे काही फार नाही," मी म्हणायचो. ती दर वर्षी बोटावर मोजायची. सहाव्या वर्षी महामारी आली आणि आमची एकुलती मुलगी रेदेम्ता तिसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर पास्कासियाने वर्षे मोजणे सोडले. मी मोजत राहिलो.

त्याच सुमारास मला कळले की उर्सिकिनुस भिंतींतले आणि रस्त्याखालचे शिशाचे नळ उपटून विकतो. मी त्याला आमच्याच वस्तीतल्या स्नानगृहामागे धरले. त्याच्या खांद्यावर पाच हात नळ होता, त्यावर आमच्या पणजोबांच्या वेळचा शिक्का होता.

"लाज नाही वाटत?"

"पाणीच नाही तर नळ कशाला, दादा?"

"उद्या आलं तर?"

"उद्या आलं तर मी खांद्यावरून घरोघर पोचवीन. बाजूला हो, जड आहे हे."

मी त्याला चोर म्हणालो. बापाचे नाव काढून बोललो. तो म्हणाला, "तू भिंत घालून मोकळा झालास, आता राखण कसली करतोस? हवेची?" त्या दिवसापासून आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मेणाच्या पाट्यांवरचे ते मृत्युपत्र मी त्याच संध्याकाळी केले.

मग गॉथांचा दुसरा वेढा. त्या हिवाळ्यात लोकांनी काय खाल्ले ते मी लिहवणार नाही. कास्तुसने ते पाहिले आहे. भिंतींच्या कडेची खाजकुइली उकडून खाल्ली, इतके पुरे. आमच्या घरात मात्र दर चार-पाच दिवसांनी मूठभर कोंडा निघे. पास्कासिया म्हणायची, "माझ्या आईच्या वेळचा रांजण आहे माळ्यावर, त्यातला." मी विश्वास ठेवला. भुकेला माणूस रांजणाचा तळ पाहायला जात नाही.

डिसेंबरात शहर पडले. गॉथांच्या राजाने तटाचा तिसरा हिस्सा पाडला, दरवाजे काढून नेले, आणि मग हुकूम दिला की जेवढी माणसे उरली आहेत तेवढी सगळी शहराबाहेर काढा. सैनिक घरोघर फिरून लोकांना दक्षिणेच्या रस्त्याला लावत होते. पास्कासियाला चालवत नव्हते. नदीचे पाणी पिऊन तिचे पोट बिघडले होते, त्यात खोकला. ती वाटेत दुसऱ्या दिवशी मेली असती. मी तिला पाठीवर घेतले, कमानीच्या आतल्या जिन्याने वर चढलो, सफाईचे झाकण उचलले आणि कोरड्या नहरीत उतरलो. आत दोन माणसे निजू शकतात. बाजूला माझीच भिंत होती.

तीन दिवस खाली गोंगाट चालला. चौथ्या दिवशी थांबला. मी बाहेर आलो आणि कमानीवरून पाहिले. एकाही घरावर धूर नव्हता. कुत्री होती, कावळे होते. हाक मारली तर आवाज दूरवर जाऊन परत यायचा, नहरीत यायचा तसा. आजोबा सांगत, त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी या दरवाजातून आत शिरायला दुपार व्हायची. मी दरवाजाच्या मधोमध उभा राहून पाहिले. दोन्ही बाजूंनी कोणी येत नव्हते.

पाचव्या दिवशी खालून एका बाईचा आवाज आला, "वर कोण खोकतंय?"

मी पहार घेऊन झाकणाशी बसलो. ती वर आली. धिप्पाड, पन्नाशीची, पदरात खाजकुइली. बोली आमची, पण मोडकी. ती गॉथ सैन्यात भाकऱ्या भाजायला होती. तिचा मुलगा शहर पडण्याआधी, नोव्हेंबरात, तटाखालच्या एका चकमकीत बाण लागून मेला होता आणि प्रेनेस्ते दरवाजाबाहेर पुरला होता. सैन्य निघाले तेव्हा ती मागे राहिली.

"तुझ्या माणसांबरोबर का नाही गेलीस?" मी विचारले.

"मुलाला कोणाजवळ सोडू?"

आमच्यापैकीच कोणाचा तरी तो बाण होता. मी तटावर दगड वाहिले होते, बाणही वाहिले होते. मी पहार खाली ठेवली. पास्कासियाने अंथरुणातून विचारले, "ती भाजी आहे का? मीठ टाकून उकड, बाई. माळ्यावर थोडं मीठ असेल." रानिलो खाली गेली, चूल पेटवली आणि तिघांपुरते उकडून आणले. त्या दिवसापासून ती आमच्यात राहिली.

मार्चच्या अखेरीस पास्कासिया पाणी मागू लागली. नदीचे नको म्हणे. "आपलं द्या. हौदातलं." ताप होता. मी म्हणालो, "आपलं बंद आहे गं." ती म्हणाली, "किती वर्षं झाली?" मी म्हणालो, "दहा." ती म्हणाली, "तुम्ही नऊ म्हणाला होतात."

रानिलोने मला बाहेर घेतले. "कुठं फुटलंय ते?"

"तिसऱ्या मैलापुढे."

"मग तिथं पाणी असेल की. झरा काय कोणाचं ऐकून थांबतो?"

दहा वर्षांत हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी राखणदार, आणि हे मला एका भाकऱ्या भाजणारीने सांगितले.

भिंत फोडायला आम्हाला चार दिवस लागले. तीन हात, आणि चुना चांगला होता. माझे काम मला चांगले येते. ती पहार चालवायची, मी विटा मागे सारायचो. भोक पडले तेव्हा पलीकडून थंड वारा आला. पास्कासियाजवळ उशाला उकडलेला पाला आणि पाणी ठेवून आम्ही पहाटे निघालो, दोन घागरी आणि दोर घेऊन, नहरीच्या पोटातून, वाकून. दोन्ही अंगांना हातभर चुनखडी. मी रानिलोला दाखवले की खोडाला वर्षांचे पदर असतात तसे हिला असतात, हे पाचशे वर्षांचे पाणी आहे. ती म्हणाली, "चाल, म्हाताऱ्या."

फुटलेल्या जागी पोचलो तेव्हा ऊन वर आले होते. आमच्या पायांखाली कमानी संपल्या होत्या. मध्ये पाच कमानी पडलेल्या. पलीकडच्या तोंडातून पाणी येत होते. तेच, तेवढेच, जोराने, आणि चाळीस हात खाली रानात पडत होते. खाली तळे झाले होते, वेत माजला होता, बेडूक ओरडत होते. दहा वर्षे ते रोज आले होते, आणि आपण त्याला तिथून पुढे आणले नव्हते. मी तिथेच बसलो. रानिलोने दोर माझ्या कमरेला आणि दगडाला गुंडाळला, घागरी घेऊन स्वतः खाली उतरली, भरल्या, आणि मी ओढल्या. दोराने माझ्या तळहातांची साल गेली. दोन्ही घागरींतले मिळून अर्धे हिंदकळले, अर्धे घरी पोचले.

पास्कासिया प्याली. दुसरा घोट तोंडात धरून ठेवला. मग म्हणाली, "हे आपलं." भांडे बाजूला ठेवून तिने माझा हात धरला, सालटे निघालेले तिने पाहिले नाही.

"एक सांगायचं राहिलंय. माळ्यावर रांजण नव्हता."

"मग?"

"उर्सिकिनुस आणून द्यायचा. शिसं देऊन कोंडा घ्यायचा आणि तुम्ही तटावर गेलात की मागच्या दाराने ठेवून जायचा. मला शपथ घातली होती. म्हणाला, दादाला कळलं तर तो उपाशी मरेल पण खाणार नाही."

मी दुसऱ्या हाताने तिचे पांघरूण सारखे केले.

"खरं होतं ना ते?" तिने विचारले.

मी म्हणालो, "खरं होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. घागरीत अजून पाणी होते, त्याने रानिलोने तिला आंघोळ घातली. आम्ही दोघांनी द्राक्षमळ्यात खड्डा खणला. पाद्री नव्हता, घंटा वाजवायला कोणी नव्हते. मला येत होते तेवढे मी म्हटले, रानिलोने तिच्या भाषेत तिला येत होते तेवढे म्हटले. त्या दिवशी रोम शहरात आम्ही दोघेच होतो, म्हणजे पास्कासियाला माती द्यायला सारे शहर आले होते.

उर्सिकिनुसला लोकांबरोबर दक्षिणेला नेले, एवढे मला नंतर कळले. एकाने त्याला कापुआच्या रस्त्यावर पाहिले होते. तो एका म्हातारीचे बोचके उचलून चालला होता. त्यानंतर खबर नाही.

पास्कासिया गेल्यावर दोनेक आठवड्यांनी बादशहाचे सैन्य परत आले. मी दुरुस्तीचा हिशेब करून ठेवला होता: पाच कमानी, चाळीस गवंडी, दोन उन्हाळे. मी स्वच्छ कपडे घालून नव्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतले. सभ्य माणूस होता.

"आजोबा, शहरात माणसं किती आहेत?"

"पाचशे असतील."

"आणि नदी केवढी आहे?"

मी घरी आलो. त्यानंतर शहर आणखी दोनदा या हातातून त्या हातात गेले. मी पुन्हा कोणाकडे गेलो नाही. रानिलो माझ्या घरी राहिली. पहिले वर्षभर आम्ही एकमेकांची माफी मागायचे टाळत होतो, पुढे ते आपोआप मागे पडले. माझे गुडघे गेल्यापासून ती मला उचलून उन्हात ठेवते. तिचा आणि माझा संबंध एवढाच, आणि तो कमी नाही.

कलम तिसरे. हत्यारांविषयी.

थाप्या, करण्या, ओळंबा, गुण्या, लहान घण आणि पहार उर्सिकिनुसला. तो आला तर. वरची खोलीही त्याची, तो जिवंत असेपर्यंत. रानिलोने त्याला ती द्यावी आणि तो म्हणेल त्या दिशेला खाट टाकू द्यावी. दहा वर्षे काही कळले नाही तर हत्यारे ज्याला गरज असेल त्याला द्यावी. त्याने काय केले हे मला कळले होते, इतके कोणीतरी त्याला सांगावे. बाकी त्याला समजेल.

वीस फुटी लाकडी पाणसळ, जिच्यावरून नहरीचा उतार मोजतात, ती रानिलोला. तिचा उपयोग सांगून ठेवणार होतो, पण तिने आधीच अंगणात टेकून तिच्यावर शेंगा वाळत घातल्या आहेत. राहू द्यावी.

कलम चौथे. वहीविषयी.

चार पिढ्यांची कातडी वही, हिच्यात नहरीचा प्रत्येक सांधा, प्रत्येक गळती, प्रत्येक दुरुस्ती आहे. ही मी चर्चला देतो.

कास्तुसने वही हातात घेऊन पाने चाळली. "कातडं चांगलं आहे, काका. घासलं की पुन्हा लिहिता येईल. आमच्याकडे स्तोत्रं उतरवायला कातडं उरलेलं नाही."

"वाचणार नाही का कोणी?"

"कोण वाचेल, तुम्हीच सांगा."

मी शेवटची दोन पाने उघडून त्याच्यापुढे धरली. अट अशी घालतो: वही घासावी, परंतु शेवटची दोन पाने, ज्यांत पाच कमानींच्या दुरुस्तीची मोजमापे आहेत, ती घासू नयेत. कास्तुसने कबूल केले आहे. त्याच्यानंतरच्या डीकनला ती बांधील राहील की नाही हे मी विचारले नाही.

कलम पाचवे. द्राक्षमळ्याविषयी.

मळा रानिलोला, पास्कासियाच्या आणि माझ्या, अशा दोन्ही कबरींसह. तिच्या मुलाच्या कबरीपर्यंत तटातून वाट मागण्याचा तिचा हक्क कोणी अडवू नये. दरवाजावर पहाऱ्याला जो असेल त्याला हे कलम वाचून दाखवावे.

क्लाउदिया नहर मी कोणालाही देत नाही. ती माझी नव्हती.

कलम शेवटचे. साक्षीदारांविषयी.

कायद्याला सात वयात आलेले पुरुष लागतात. कास्तुस वस्तीभर फिरला आणि स्वतःसह पाच जमवले. सहावा आंधळा निघाला, तो चालत नाही. म्हणून दरवाजावरच्या पहाऱ्यातले दोन शिपाई बोलावले, आर्शाक नावाचा आर्मेनियन आणि मुकापोर नावाचा थ्रेसचा. कास्तुसला त्यांची ग्रीक थोडी येते. आर्शाकने विचारले, हा म्हातारा कोण. कास्तुसने सांगितले, नहरीचा राखणदार.

"कसली नहर?"

कास्तुसने दारातून कमानी दाखवल्या.

"ती? ती भिंत आहे ना?" आर्शाक म्हणाला. "आम्ही रोज बोलतो, कसली भिंत बांधली ही, सगळी भोकंच भोकं. शत्रू तर खालून चालत आत येईल."

"भिंत नाही. तिच्या वरून पाणी यायचं. पंचेचाळीस मैलांवरून. घराघरात."

आर्शाकने ते मुकापोरला सांगितले. दोघेही हसले, त्यांना वाटले, आपली थट्टा चालली आहे. मग कास्तुस हसत नाही असे पाहून आर्शाक पुन्हा दाराशी गेला आणि मान वर करून बराच वेळ पाहत राहिला. परत आल्यावर त्याने कास्तुसच्या ठिगळ लावलेल्या झग्याकडे पाहिले, माझ्या पायांकडे पाहिले, आणि हळू आवाजात काहीतरी विचारले. कास्तुस लेखणी दौतीत बुडवू लागला.

"काय म्हणतो?" मी विचारले.

"काही नाही, काका."

"माझं मृत्युपत्र आहे. सांग."

"विचारतो, ही बांधणारी माणसं कुठं गेली."

मी कास्तुसला सांगितले, "त्याला म्हण, आम्हीच ती. आणि सही घे."

कास्तुसने सांगितले. या वेळी ते हसले नाहीत. दोघांनी आपापली खूण केली.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

विवेन्तियुस, नहरीचा राखणदार. कंपाने अक्षर हलले आहे, ते माझेच आहे.

साक्षीदार:
कास्तुस, डीकन, लिहिणारा.
स्तेर्कोरियुस, कबरी खणणारा.
दोनातुस, मेंढपाळ, मेंढ्या जुन्या स्नानगृहात ठेवतो, खूण.
देउसदेदित, होडीवाला.
बोनिफातियुस, पूर्वी सिनेटरच्या बागेचा माळी, खूण.
आर्शाक, शिपाई, खूण.
मुकापोर, शिपाई, खूण.

ठिकाण रोम. नोव्हेंबर महिन्याचा सहावा दिवस. ज्यांच्या नावाने वर्ष चालते ते कन्सुल बासिलियुस, यांच्यानंतरचे अकरावे वर्ष. त्यांच्यानंतर कोणी नेमला गेला नाही, म्हणून वर्षे त्यांच्यापासूनच मोजत आहोत.